क्वेकरांची कादंबरी आणि राजेसाहेबांची बैठक

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवावा? ऊठसूट शपथा घेणाऱ्यावर, की गप्प बसणाऱ्यावर? आमच्या संस्थानच्या राजेसाहेबांना एकदा गप्प बसणाऱ्यांचं वेड लागलं.

एका गोऱ्या पाहुण्यानं त्यांना सांगितलं, "विलायतेत क्वेकर नावाचा पंथ आहे. ते गप्प बसून प्रार्थना करतात, शपथ घेत नाहीत, साधं बोलणंच खरं ठेवतात आणि राजापुढेसुद्धा टोपी काढत नाहीत." झालं! राजवाड्यातल्या वाचनमंडळाला हुकूम सुटला, "क्वेकरांच्या घरसंसाराची कादंबरी आणा!"

दिवाणांनी तीन जाडजूड ग्रंथ आणले. तिन्ही प्रवचनं निघाली.

वाचनालयाच्या शिपायाची मुलगी येसू मिशनच्या शाळेत शिकलेली. ती म्हणाली, "मी शोधते, महाराज."

"शोध! पण एका बैठकीत शेवटपर्यंत वाचून दाखवायची. नाही जमलं, तर वाचनालयात माझे घोडे बांधीन!"

खरी मेख इथंच होती. राजेसाहेबांपुढे आजवर एकही पुस्तक संपलं नव्हतं. 'वाघ निघाला' म्हटलं, की हे विचारणार, "कुठून निघाला? जेवून निघाला का?"

मी मसाल्याचा व्यापारी. पुड्या बांधायला मुंबईची रद्दी घेतो. त्या ढिगात येसूला हवी तशी छोटीशी इंग्रजी कादंबरी सापडली. पहिली चार पानं जिऱ्यात गेली होती, बाकी शाबूत.

दरबार भरला. येसू म्हणाली, "महाराज, ज्यांचं पुस्तक, त्यांची रीत. क्वेकर प्रार्थनेला गप्प बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल, त्यानं उभं राहून बोलायचं. मान्य?"

"मान्य, मान्य! वाच!"

येसू मराठी करत वाचू लागली. "विधवा हॅनानं पाव भट्टीत सरकवला..."

"थांब! कसला पाव?"

"उभं राहून, महाराज."

राजेसाहेब उठू लागले. लगेच सरदारांनी शेले सावरले, भालदारानं ललकारीसाठी घसा खाकरला. राजा उठला की दरबार बरखास्त!

राजेसाहेब अर्ध्यावरच थबकले. "अगं, मी उठलो तर बैठकच मोडेल!"

"मोडेल ना. मग वाचन मी सोडलं नाही, बैठक महाराजांनीच मोडली, असं होईल. घोडे आहेत तिथंच राहतील!"

राजेसाहेब बसले. मिशी चावत शेवटच्या पानापर्यंत बसले.

"आता बोलू?"

"खुशाल बोला, महाराज. पुस्तक संपलं!"

राजेसाहेब असे हसले, की पगडी मांडीवर आली. वाचनालय राहिलं, वर येसूच्या पसंतीच्या शंभर कादंबऱ्या बक्षीस मिळाल्या.

त्या अजून तिथं आहेत. तुम्हीही घरी न्या. फक्त वहीतला हिशेब क्वेकरांसारखा खरा ठेवा. पुस्तक उशाशी असताना 'परत केलं' असं लिहू नका.