हसली तर हुकूम नाही

तळ्याच्या काठी त्या सपाट दगडावर डोक्यावर मडकं उपडं घालून बसलीय ना म्हातारी, तिच्याकडे बोट दाखवू नका. माझी मावससासू आहे ती. बोट दाखवलंत तर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, आणि वर मलाच त्याचं मराठीत भाषांतर करायला लावेल. या इकडे, या झाडाखाली बसा. सोलर पंपांचं बोलणं दुपारी करू. आज याबतेंगाचा बाजार आहे, आणि बाजाराच्या दिवशी इथं आधी म्हातारीचं काम होतं, मग बाकीच्यांचं.

काम म्हणजे काय, तर हसायचं किंवा गप्प बसायचं. आत्ता थोड्या वेळात सरकारी माणूस येईल, कसलातरी नवा नियम सांगेल. बैलगाड्या कुठं सोडायच्या, कापूस कुठं तोलायचा, असलं काहीतरी. लोक त्याच्याकडे बघणारच नाहीत. सगळे बघतील म्हातारीकडे. ती गप्प राहिली तर नियम लागू. हसली, तर तो नियम नव्हताच, थट्टा होती असं धरतात. मग तो बिचारा परत जातो, नियमाला चार टाके घालतो आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येतो. मी जत तालुक्यातला माणूस, बोअरच्या गाडीबरोबर या बुर्किना फासोत आलो, इथलीच बायको केली आणि राहिलो. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला वाटलं, या लोकांना वेड लागलंय. मग सासऱ्यांनी मला इथंच बसवून ही गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगतो. खरी किती आणि पदरची किती, ते मला विचारू नका.

आधी एवढं ध्यानात घ्या की या देशाला समुद्र नाही. चारी बाजूंनी दुसऱ्यांचे देश. कापूस पिकतो, ज्वारी-बाजरी होते, गुरं भरपूर, जमिनीत सोनंसुद्धा निघतं. पण मीठ नाही. आज ते खालच्या बंदरांतून ट्रकनं येतं. त्या काळी उत्तरेच्या वाळवंटातून यायचं, फरशीएवढ्या लाद्यांनी. आधी उंटांवर, मग नदीतून होडीनं, मग गाढवांवर. दक्षिणेच्या जंगलातून सुपारीसारखी चघळायची कोलाची फळं वर जायची, उत्तरेचं मीठ खाली यायचं, आणि मधल्या या माळावर उन्हाळ्यात पाणी धरून राहणारं तळं हे एकच. म्हणून हे याबतेंगा गाव इथं वसलं. गाढवांनी इथं पाणी प्यायचं, व्यापाऱ्यानं लादीचा कोपरा फोडून गावाला द्यायचा. पाणी देऊन मीठ घ्यायचं, एवढाच गावाचा धंदा होता. सुखात होते.

इथले लोक मोसी. त्यांचा राजा म्हणजे नाबा. गावोगावी एकेक छोटा नाबा असतो, आपल्या पाटलासारखा. गादीवर बसताना नाबा नवं नाव घेतो. या गोष्टीतल्या नाबानं घेतलं होतं तांगा. तांगा म्हणजे डोंगर. माणूस वाईट नव्हता हो, पण नाव घेतलं डोंगराचं, म्हणून त्याला वाटे की आपण जागचं हलायचं नाही. शिवाय इथली रीत अशी की नाबा चारचौघांत स्वतः बोलत नाही. तो हळू बोलतो आणि त्याचा भालदार ते मोठ्यानं सांगतो. भालदाराच्या तोंडून एकदा शब्द बाहेर पडला की तो नाबालासुद्धा मागे घेता येत नाही.

एका वर्षी पाऊस नीट झालाच नाही. उन्हाळा अर्धासुद्धा सरला नव्हता आणि तळं पार मध्यावर गेलं. त्यात मिठाच्या गाढवांचा मोठा तांडा आला. गाढवं आत घुसली आणि होतं नव्हतं ते पाणी गढूळ करून ठेवलं. तांगा नाबानं काठावर येऊन ते बघितलं. गावाला पुरणार कसं? त्या काळजीत तो भालदाराच्या कानात बोलला, आणि भालदारानं काठी आपटून सांगितलं: "जो साना आहे, त्यानं या पाण्याला तोंड लावू नये."

आता साना म्हणजे काय, तर परका. आणि साना म्हणजे पाहुणासुद्धा. आपल्याकडे नाही का, 'पाव्हणं, कुठलं गाव?' असं अनोळखी माणसालाही विचारतात आणि सोयऱ्यालाही पाव्हणाच म्हणतात, तसंच. नाबाच्या मनात होते मीठवाले. मीठवाले बिचारे गाढवं वळवून गेले, आणि गाव समाधानानं झोपलं.

सकाळी तळ्यावर एकही बाई आली नाही.

नाबानं चौकशी केली. बायका म्हणाल्या, हुकूम आम्हालाही आहे. मोसींमध्ये गावातल्या गावात लग्न होत नाही. एकजात सगळ्या सुना बाहेरगावच्या. आणि त्यांच्या भाषेत, दुसऱ्या घरून आलेली बायको ही साना. इतकंच काय, पोटची लेकसुद्धा साना, कारण ती आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायची. म्हणजे नाबानं एका शब्दात गावातली प्रत्येक बाई पाण्यावरून उठवली होती. बायकांनी भांडण केलं नाही, रडारड केली नाही. घागरी डोक्यावर घेतल्या आणि चालत गेल्या पार कोंबाऱ्याला. कोंबारा हे पलीकडचं गाव, सामो लोकांचं. तिथं विहीर होती. तिथं प्यायच्या, पोरांना पाजायच्या, उन्हं उतरली की परत यायच्या. इकडे पुरुष पाणी आणायला तळ्यावर गेले. निम्मं वाटेत सांडायचं, निम्मं गढूळ. वरून जेवण अळणी. माझे सासरे हे सांगताना इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

नाबाला चूक कळली नव्हती असं नाही. पहिल्याच दिवशी कळली. तो भूमीच्या म्हाताऱ्याकडे गेला. इथं कारभार दोघांत वाटलेला असतो: माणसं नाबाची आणि जमीन-पाणी भूमीच्या म्हाताऱ्याचं. म्हातारा म्हणाला की बाबा, तळं माझं आहे, पण शब्द तुझा आहे. शब्दाला मी हात लावू शकत नाही. मग नाबा घरात बसून राहिला. कुणाला सांगणार? डोंगर ना तो.

आणि तशात त्याची लेक आली. तिचं नाव सिब्दू. भावाच्या पाठीवरची एकच लेक, लाडाची. गेल्याच वर्षी लांबच्या गावी दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपणाला माहेरी निघाली होती. भर उन्हात चालत आली, तळ्याजवळच्या झाडाखाली टेकली, आणि पोटात कळा सुरू झाल्या. भाऊ धावत गेला, तुंबा भरून घेऊन आला. इथं दारी आलेल्याला आधी बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी देतात, मग बोलतात. सिब्दूनं तुंबा हातात घेतला. तेवढ्यात कुणीतरी हुकुमाची गोष्ट बोललं. तिनं तुंबा खाली ठेवला.

आई विनवू लागली, भाऊ विनवू लागला. ओठ फुटलेले, तोंडातून नीट शब्द निघेना, पण पोरगी ऐकेना. शेवटी बाप स्वतः आला. आणि भालदाराला न विचारता, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "पी, पोरी."

सिब्दू म्हणाली, "मला दिलं तेव्हा तुम्हीच सांगितलंत, आजपासून तू तिकडची. मी साना आहे, बाबा. मी प्याले तर उद्या तुमचा शब्द कोण मानेल?"

हट्ट नव्हता तो. बापाची लाज राखत होती ती, जिवावर उदार होऊन. आणि बापाला ते कळत होतं.

आई काय करणार? तिनं घागर उचलली आणि कोंबाऱ्याच्या वाटेनं पळत सुटली. तिथं विहिरीवर लोसा नावाची एक सामो म्हातारी मडकी थापत बसली होती. रोज येणाऱ्या बायकांकडून तिला सगळं कळलेलंच होतं. आता सामो आणि मोसी यांच्यात थट्टेचं नातं आहे. आपल्याकडे मेहुणा-मेहुणीत चालतं ना, तसलं, पण दोन अख्ख्या जमातींमध्ये. सामो माणूस मोसी राजाला तोंडावर 'माझा पळून गेलेला गडी' म्हणू शकतो, आणि राजानं रागवायचं नाही. रागावला तर त्याचंच वाईट होतं, असं मानतात. मी मोसींचा जावई, म्हणून माझ्या लग्नात सासूच्या माहेरच्या सामोंनी मला तीन वेळा विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी.

तर लोसानं आईच्या हातून घागर घेतली. आईला वाटलं भरून देईल. हिनं ती उपडी करून स्वतःच्या डोक्यावर घातली, टोपीसारखी, आणि चालू लागली. पाणी तुमच्या दारात असताना इथून काय न्यायचं, असं म्हणाली म्हणे.

तळ्यावर सगळं गाव गोळा झालं होतं. सिब्दू झाडाला टेकून पडलेली, डोळे मिटलेले. लोसा डोक्यावर घागर घालून डुलत डुलत आली, नाबासमोर उभी राहिली, त्याला खालून वरपर्यंत बघितलं आणि हसायला लागली. खो खो हसली. पोट धरून त्या दगडावर बसली आणि हसतच राहिली. भालदार ओरडला, नाबासमोर हे काय चाललंय?

लोसा म्हणाली, "सगळ्या गावाच्या बायका काढून घेतल्या आणि तळं राखलं. काय छान थट्टा केलीस रे माझ्या गड्या. हुकूम म्हणून ऐकणारे हे सगळे बावळट."

लोकांच्या हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. हुकूम मागे घेता येत नाही. पण हुकूम नव्हताच, थट्टा होती, असं थट्टेच्या नात्यातलं माणूस म्हणालं, तर त्यावर रागवायचं नाही, वाद घालायचा नाही. फक्त एक गोष्ट हवी होती. ज्यानं थट्टा केली त्यानंही हसायला हवं. नाहीतर ती थट्टा कसली? आणि नाबानं तर चारचौघांत कधी दात दाखवायचे नसतात. त्यातून हा डोंगर. एकदा हसला, की लेकरंसुद्धा पुढं त्याला डोंगर म्हणणार नव्हती.

नाबानं लेकीकडे बघितलं. मग डोक्यावरची मानाची टोपी काढून खाली ठेवली, लोसाकडे तोंड केलं आणि हसायला म्हणून तोंड उघडलं. हसू आलंच नाही. हुंदका आला. मोठा बाप्या माणूस, अख्ख्या गावासमोर, लहान पोरासारखा रडायला लागला. भालदार बघतच राहिला. लोकांनी माना खाली घातल्या.

लोसा उठली. आपल्या फडक्याच्या टोकानं तिनं नाबाचे डोळे पुसले आणि गावाकडे वळून म्हणाली, "बघा, हसून हसून याच्या डोळ्यांत पाणी आलं."

मग सगळं गाव हसलं. नुसतं हसलं नाही, रडतही होतं म्हणतात, आणि कोण काय करतंय ते कुणाला सांगता येईना. नाबानं स्वतः तळ्यात उतरून ओंजळ भरली आणि लेकीच्या तोंडाला लावली. सिब्दू प्याली. गाव शांत व्हायच्या आत तिथंच, झाडाखाली, तिची सुटका झाली. मुलगी झाली. तिचं नाव लोसाच ठेवलं.

पुढं मीठवाल्यांना निरोप गेला, तेही आले. पाणी मात्र खरंच कमी होतं, त्याचं काय? तेव्हा भूमीच्या म्हाताऱ्यानं तोड काढली, की मीठ विकणाऱ्यानं गाढवं पाण्यावर सोडायच्या आधी तळ्यातला पाटीभर गाळ काढून बांधावर टाकायचा. तो समोरचा उंच बांध त्या गाळाचाच. त्यानंतर हे तळं कधी आटलं नाही. गावकरी म्हणतात, नाबाच्या डोळ्यांतलं पाणी त्यात पडलं म्हणून. मी बोअरवाला माणूस. मला वाटतं गाळ काढला म्हणून. बायकोसमोर मी हे बोलत नाही.

आजही ट्रकमधून मीठ घेऊन येणारे ड्रायव्हर आधी चपला काढून तळ्यात उतरतात आणि पाटीभर गाळ काढतात. आजही या गावात साना हा शब्द कुणी तोडून बोलत नाही. बाहेरगावची सून आली की नाबा स्वतः ओंजळीनं तिला पाणी पाजतो आणि मगच ती घरात जाते. आणि आजही नवा नाबा गादीवर बसतो, तेव्हा लोसाच्या दगडावर बसणारी कोंबाऱ्याची म्हातारी, सध्या ती माझी मावससासू, सगळ्या बाजारासमोर त्याला हसवते. नुसता हसला तर लोक टाळ्या वाजवतात आणि चालवून घेतात. पण हसता हसता एखाद्याचे डोळे भरून आले, तर गावच्या सुना एकमेकींना कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, हा आपला आहे.