खड्गाची नवरी

एका राज्यात त्या दिवशी सकाळपासून वारा असा पडला होता, की वाड्यावरचं निशाण ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. अशा त्या दिवशी राजा भानुधवलानं भर दरबारात राजखड्गाच्या मुठीला हात घातला, आणि खड्ग म्यानातून निघेना.

खड्ग अडलं तसा राजाचा शब्दही अडला. दरवाजे लावा म्हटलं, की दरवाजे उघडत. कैद्याला सोडा म्हटलं, की बेड्या आवळत. सरदार मिशीतल्या मिशीत हसू लागले. शेजारचे राजे सीमेवर घोडी चारू लागले.

तेव्हा छतावरची साळुंकी बोलली, "महाराज, खड्ग रुसलंय. त्याची नवरी माहेरीच राहिली."

राजाची मान खाली गेली. त्या राज्यात रीतच होती. राजाला लग्नाला जाणं जमलं नाही, तर तो आपलं खड्ग पाठवी. नवरी खड्गाला हार घाली आणि लग्न लागलं म्हणत. तरुणपणी राजानंही असंच खड्ग धाडलं होतं, राजकन्या हेमकळेकडे. अक्षता पडतात न पडतात तोच त्याचा सांगावा गेला, "लढाई लागलीय. खड्ग तेवढं आणा, नवरीला मागाहून आणू." मागाहून दुसरी लढाई आली. मग तिसरी. नवरी राहिली ती राहिलीच.

"आता उपाय?" राजानं विचारलं.

"खड्ग खांद्यावर घ्या, पायी निघा, आणि तीन ठिकाणी द्यायचं ते द्या. काळी नदी मुकुट मागेल. दगडी रान नाव मागेल. मग नवरी मागेल ते."

"मग ती येईल माझ्याबरोबर?"

साळुंकीनं पंख विंचरले.

राजा निघाला. काळ्या नदीनं मुकुट गिळला आणि ती दुभंगून वाट देती झाली. दगडी रानात धोंड्यांनी विचारलं, "तू कोण?" त्यानं नाव सांगितलं, ते धोंड्यांनी ठेवून घेतलं. त्यापुढे त्याला जगात कुणी ओळखेना. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. हेमकळेला काय सांगायचं, एवढंच तो वाटभर घोळवीत होता.

तिच्या दारी दासीनं हटकलं, "कोण रे तू? तलवारीचा हमाल?"

"हमालच म्हणा, बाई."

हेमकळा बाहेर आली. कानाशी तिचे केस पिकले होते. खड्गाकडे पाहून ती हळूच म्हणाली, "आलात?"

त्यानं हात जोडले. नाव ओठांवर येईना. "ज्यानं यायला हवं होतं, तो मी," एवढंच तो बोलला.

"आपल्याला मी कशी ओळखणार? कधी पाहिलंच नाही. ओळख आहे ती ह्याची."

"हवं ते मागा."

"पुष्कळ वर्षं माणूसच मागत होते," ती म्हणाली. "आता खड्ग पुरे."

त्यानं खड्ग तिच्या हाती दिलं. तिनं ओढलं आणि पातं निमूट बाहेर आलं. दूर राजधानीत दरवाजे आपोआप मिटले, बेड्या गळाल्या, सीमेवरची घोडी माघारी पळाली. हेमकळा खड्गाबरोबर नांदायला गेली आणि सिंहासनावर बसली. तिच्या आज्ञेनं राज्याची घडी पुन्हा नीट बसली.

तो मात्र गडाखाली एका झोपडीत राहू लागला. शेजारी रखमाजी कोष्टी, भला माणूस, सांजेला भाकरी आणून देई. वर्षं गेली, तो म्हातारा झाला. एका दसऱ्याला राणीची स्वारी निघाली, तेव्हा दोघं वाटेच्या कडेला उभे राहिले. मांडीवर खड्ग घेऊन राणी हत्तीवरून गेली. धूळ खाली बसली, तरी म्हातारा हलेना.

रखमाजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "राज्य कसं सोन्यासारखं चाललंय, बाबा. पण दर साली ही बाई गर्दीत नजर फिरवते ती पाहिलीत? कुणीतरी यायचं राहिलंय हो तिचं."