केसाळ बियांचं तण

कुठल्याशा एका गावात एक वैद्य होता. पाल्याला नुसता हात लावून तो झाडाचं नाव सांगायचा, म्हणून गावाला त्याचा भारी अभिमान. त्याला स्वतःलाही तो काही कमी नव्हता.

एका वर्षी जोंधळ्याच्या रानात एक तण माजलं. उपटावं तर दुप्पट उगवायचं. वैद्यानं पान पाहिलं, फूल पाहिलं आणि सांगून टाकलं, "हे तर आपलं नेहमीचं तण, ओसाडी. घाबरू नका." गाव निर्धास्त झालं आणि अर्धा जोंधळा तणाखाली गेला.

माघात फुलं सुकली. वैद्यानं बांधावर एक बोंड तळहातावर चुरलं. पानफूल सारखं दिसलं तरी ओसाडीच्या बियांना केस नसतात. इथं मात्र प्रत्येक बीला पांढऱ्या केसांचा झुबका होता, आणि जराशा वाऱ्यानं ते बी उडूनही गेलं. आता त्यानं रोप बरोबर ओळखलं. तीन वर्षांपूर्वी काढ्यासाठी घाटावरून त्यानंच ते आणून परसात लावलं होतं, आणि बी धरायच्या आत छाटायचा कंटाळा केला होता.

त्याच दिवशी चावडीवर गाव जमलं होतं. दरसाल एक धनगर गावच्या रानात मेंढ्या बसवायचा. त्या लेंडीखतावर तर पीक पोसायचं! पण संशयाला परका माणूस बरा पडतो.

"याच्या मेंढ्यांनीच लोकरीतून बी आणलं," पाटील गरजला. "आजच्या आज हाकला याला."

धनगरानं हात जोडले. "मालक, लोकरीत गोखरू अडकतं, कुसळ अडकतं. ह्ये तर फुंकरीनं उडतंय. बायकोचे दिवस भरल्यात, आत्ता कुठं जाऊ? वैद्यबुवा, तुमीच सांगा."

सगळ्यांच्या नजरा वैद्याकडे वळल्या. खरं बोलावं तर जन्मभराची अब्रू जाते. त्यानं घसा खाकरला.

"लोकरीतून बी येतं, हे खरं आहे," तो म्हणाला.

शब्द खोटा नव्हता, म्हणून तर तोंडातून सहज निघाला.

उन्हं कलायच्या आत धनगराचं बिऱ्हाड घोड्यावर चढलं. बायको पोट सावरत मागून चालत होती. वैद्याच्या दाराशी धनगर थांबला आणि वाकून पाया पडला.

"बुवा, तुमी जाणते. तुमी म्हनता म्हंजी आमच्याच मेंढरांनी आणलं असंल. चुकलं आमचं."

वैद्यानं पाय मागे घेतले आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या साली त्या गावात एकही धनगर उतरला नाही. जमिनी खताविना निकस झाल्या, तण मात्र जोमानं आलं. वैद्य रोज सकाळी एकटाच लोकांच्या रानात जाऊन ते उपटत बसे. येणारेजाणारे म्हणत, "केवढा देवमाणूस! गावासाठी मरमर मरतोय." ते ऐकलं की तो मान आणखी खाली घालायचा. अखेरपर्यंत ती वर झाली नाही.

तात्पर्य एवढंच: अडाण्याचं खोटं कोणीतरी तपासून बघतं; जाणत्याच्या अर्ध्या सत्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात, ज्याचा घात होतो तोसुद्धा.