उखळाची जागा

फार फार पूर्वी, माणसं घरं बांधायला नुकतीच शिकली असावीत इतक्या पूर्वी, एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावात घर विकण्याची एक रीत होती.

विकणारा आणि घेणारा, दोघांनी थोरल्या पंचांबरोबर घरातून एक फेरी मारायची. पंच एकेका वस्तूला एका हाताने ढकलून बघत. हलली, तर ती जाणाऱ्याची. नाही हलली, तर ती घराची. हंडे, पाटे, कणग्या जायच्या. चूल, खुंट्या, दाराच्या चौकटी राहायच्या. त्यावरून गावात कधी भांडण झालं नव्हतं.

या गावात सगुणा नावाची एक बाई राहत होती. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि जिच्या सोबतीने तिने उभं आयुष्य काढलं ती थोरली जाऊही गेल्या थंडीत गेली. आता तिला नदीपलीकडच्या गावी भावाकडे जायचं होतं. घर तिने एका तरुण जोडप्याला विकलं. त्यांचा पोहे कांडायचा धंदा होता. त्यातली बायको, मैना, घर बघायला आली तेव्हा भिंती पाहायच्या आधी माजघराच्या भुईत पुरलेल्या दगडी उखळाशी जाऊन बसली होती.

ते सगुणाला खुपलं. त्या उखळात तिने आणि जावेने तीस वर्षं भात कांडला होता. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. ठण, ठण, ठण. भांडण झालं की दोघी बोलायच्या नाहीत, पण मुसळं बोलायची, आणि भात सडून होईतो भांडण कुठे गेलं ते कळायचं नाही. सगुणाला वाटे, घर गेलं तरी चालेल, हा आवाज जाता कामा नये.

फेरीच्या आदल्या दुपारी तिने विळ्याने उखळाभोवतीची माती उकरली, तीत पाणी ओतलं आणि वरून कोरडी माती भुरभुरली.

दुसऱ्या दिवशी पंचांनी हात लावला आणि उखळ डुगडुगलं. मैनाच्या नवऱ्याने चमकून बायकोकडे पाहिलं. पंचांनी पायाचा अंगठा त्या मातीत जरासा रोवला, मग सगुणाकडे बघितलं.

“हललं,” ते म्हणाले. “ने बाई.”

चौघांनी उखळ उपसून गाडीत घातलं. सगुणा आधीच गाडीत जाऊन बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

भाऊ उखळ बघून हसला. “अक्का, घर विकून आलीस की घराची दाढ उपटून आलीस?” तरी त्याने हौसेने ओसरीत खड्डा खणून ते बसवलं. सगुणाने भात घातला, भावजयीच्या हाती दुसरं मुसळ दिलं.

भस. भस. भस.

माती चोपून पाहिली, खाली खडी भरून पाहिली. भावजयीला सांगितलं, जरा जोर लाव. ती बिचारी घामाघूम झाली. आवाज काही येईना. शेवटी भाऊ म्हणाला की तुझ्या त्या घराखाली डोंगराचा कातळ आहे, आमची ही नदीकाठची काळी माती, ती कशी वाजेल? सगुणाने मुसळ भिंतीशी टेकवलं ते टेकवलंच. पुढे पुढे त्या उखळात कोंबड्या पाणी पिऊ लागल्या.

पुढची थंडी आली. जावेच्या वर्षश्राद्धाला सगुणा जुन्या गावी आली. पाय आपोआप जुन्या घराकडे वळले. माजघरात पाहते तो भुईत खळगा तसाच, वर एक फळी टाकलेली. मैना डोक्यावर भाताची पाटी घेऊन निघाली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी उखळावर जाऊन ती कांडून आणी. येईपर्यंत दुपार टळे, आणि पोहे निम्मेच होत.

“खळगा बुजवला का नाहीस गं?” सगुणाने विचारलं.

“बुजवणारच होते, मावशी.” मैनाने पाटी उतरवली, फळी बाजूला केली. “साफ करताना तळाशी हे दिसलं. मग हात धजला नाही.”

खळग्याच्या तळाशी, कातळातल्या एका खाचेत, दोन हिरव्या बांगड्या होत्या, एकीवर एक ठेवलेल्या.

सगुणाने खाली बसून त्यांना बोट लावलं. उखळ बसवलं त्या दिवशी जावेने आपल्या हातातली एक आणि नव्या नवरीच्या, म्हणजे सगुणाच्या हातातली एक, अशा काढून तळाशी ठेवल्या होत्या. म्हणाली होती, आता तू न् मी या घरातून हलायचं नाही. सगुणा हे साफ विसरून गेली होती. दगड तेवढा नेला होता.

“या तर एका बोटाने हलतात,” ती म्हणाली. “काढून घ्यायच्यास.”

“हलतात खऱ्या,” मैना म्हणाली. “पण घराच्या वाटल्या.”

सगुणा तशीच उठली आणि पंचांकडे गेली. ओल्या मातीची गोष्ट तिने मान खाली घालून सांगितली.

“अंगठ्याला लागली होती,” पंच म्हणाले. “दगड मला तेव्हाच अडवता आला असता, पोरी. पण तो तूच परत आणावास असं वाटलं.”

आठवड्याभरात उखळ गाडीतून परत आलं. बांगड्यांना धक्का न लावता ते त्यांच्यावर उतरवलं. भोवतीची माती सगुणाने स्वतःच्या हाताने चोपली, आणि सुकल्यावर उखळ एका हाताने ढकलून पाहिलं. ते हललं नाही. मग मैनाने एक मुसळ घेतलं, दुसरं तिच्यापुढे धरलं.

ठण. ठण. ठण.

तेव्हापासून दर सुगीला नदीपलीकडून एक बाई त्या घरी यायची. कांडून झालं की मैना तिच्या ओच्यात पोहे बांधून द्यायची, आणि ती हसतमुखाने, मागे वळून वळून पाहत, परत जायची.

तात्पर्य : जे आपण जपून मागे ठेवतो, त्याच्याकडेच आपल्याला परत येता येतं.