चष्म्यातून दिसलेलं घरटं

पक्षीही चष्मे लावत असत, त्या काळची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर गोंदाजी नावाचा सुगरण पक्षी राहत होता. आपल्यासारखं विणणारा पंचक्रोशीत नाही, ही त्याची घमेंड. धाकट्या भावाला तो रोज टोमणा मारी, "सदू, हे घरटं आहे की चाळणी?"

पुढे त्याला काडी अंधुक दिसू लागली, तरी तो कबूल करीना. शेवटी बायकोने हट्टाने विहिरीतल्या कासवाकडून चष्मा आणवला. गोंदाजीने तो चोचीवर चढवला आणि किंचाळला, "अगं, विहीर वर आली!" बसायला गेला, तर फांदीच चुकली.

"चार दिवस लावा, सवय होईल," खालून कासव म्हणालं.

चौथ्या दिवशी फांदी जागेवर आली. गोंदाजी ऐटीत आपलं घरटं न्याहाळायला गेला आणि त्याची चोच उघडीच राहिली. तळाला भोकंच भोकं होती. प्रत्येक भोकावर दुसऱ्याच कुणीतरी घट्ट ठिगळ विणलं होतं. आत दोन अंडी होती आणि खाली विहीर.

"ही ठिगळं कुणाची?"

"भावजींची," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही दाणे टिपायला गेलात की येतात. नाहीतर अंडी कधीच पाण्यात गेली असती."

गोंदाजीने मान वळवली. सदूचं घरटं शेजारीच झुलत होतं. त्यात एकही भोक नव्हतं. चष्मा काढून फेकायला त्याने पंजा उचलला. मग त्याच पंजात काडी धरून तो भावाच्या दाराशी गेला.

"सदू, ही गाठ कशी मारतोस, दाखव. मला आता दिसतं."