ऱ्हस्व आई

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध गोंदणकार राहत असे. चाळीस वर्षे त्याने जत्रांतून पाल ठोकले, बॅटरीवर चालणारे यंत्र मांडीशी घेतले आणि बायाबापड्यांच्या हातांवर तुळशी, विंचू आणि नवऱ्यांची नावे उमटवली. त्याच्या हाताखाली आठ वर्षे शिकलेला एक शिष्य होता. या शिष्याने बाजारपेठेत, मोबाइलच्या दुकानावरचा गाळा घेऊन तिथे टॅटूचा स्टुडिओ थाटायचे ठरवले. गोंदण म्हटले की तरुण मंडळी नाक मुरडतात आणि टॅटू म्हटले की रांग लावतात, हे त्याने बरोबर हेरले होते. वृद्धाला त्या नव्या शब्दाचा राग नव्हता. "सुई तीच हाय की," एवढेच तो म्हणाला आणि शिष्याबरोबर कामाला लागला.

महिनाभर दोघे राबले. भिंती पांढऱ्या केल्या. एका दंतवैद्याने काढून टाकलेली खुर्ची मिळाली, ती जिन्यावरून चढवताना दोघांच्याही कमरा धरल्या. खुर्चीवर उजेड कुठून यावा हे वृद्धाने ठरवले. सीलबंद सुया आल्या, हातमोजे आले. "मोजा घालून हात धरल्यावर मानसाला ताप हाय का न्हाई, कसं कळायचं?" म्हणून वृद्ध कुरकुरला, पण मोजे त्याने घातले.

शिष्याचा एक गुण गावभर प्रसिद्ध होता. त्याच्या हातून अशुद्ध अक्षर जात नसे. एखादे पोर मोबाइलवर चुकीचे लिहिलेले नाव घेऊन आले, तर हा आधी ऱ्हस्व-दीर्घ नीट करी आणि मगच सुई उचली. वृद्धाला त्याचे फार कौतुक. चारचौघांत तो ते बोलूनही दाखवी. खरे सांगतो, मलाही असली माणसे आवडतात. दुकानांच्या पाट्या वाचताना माझेही डोके फिरते.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे अजून यायचे होते. वृद्ध दाराला तोरण बांधत होता. तेवढ्यात तिशीतली एक बाई जिना चढून आली. तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेले एक पान काढले. पहिलीच्या वहीचे पान. त्यावर पेन्सिलीने एकच शब्द होता, 'आइ', आणि त्या शब्दाभोवती लाल शाईचा गोल. तिचा सहा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता.

"कागद गार लागतो हो दादा," ती म्हणाली. "अंगावर पायजे." तिने डाव्या हाताची आतली बाजू पुढे केली. "हितं. हितंच डोकं टेकायचा तो."

शिष्याचे डोळे भरून आले. जितकी म्हणून काळजी घेता येईल तितकी घ्यायची, असे त्याने मनाशी ठरवले. कागदावर पातळ कागद ठेवून तो अक्षर उतरवू लागला. 'इ'च्या डोक्यावर रफारासारखी आकडी हवी, ती मुलाने दिलीच नव्हती. शिष्याच्या हाताने ती दिली. 'आ'चा काना कलला होता, तो सरळ झाला. शिरोरेघ मध्येच तुटली होती, ती जुळली. हे त्याने विचार करून केले असे नाही, हातालाच सवय होती. मग त्याने तो छाप बाईच्या हातावर दाबला, जांभळी अक्षरे उमटली, आणि त्याने रीतीप्रमाणे विचारले, "बघा ताई, जागा बरोबर आहे ना?"

बाईने पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी जागा पाहिली, मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. जागा विचारली गेली होती. अक्षर कोणी विचारले नव्हते.

काम झाले. शिष्याने तिचा हात पुसला. बाई आपल्या हाताकडे पाहत राहिली. तिचे बोट त्या आकडीजवळ जाऊन थांबले.

"हे काय हाय?"

"ताई, आई दीर्घ असते," शिष्य हळुवारपणे म्हणाला. "लहान होता ना, चुकला होता. हे बघा, मास्तरांनीही लाल केलंय."

बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "मास्तरांनी गोल केलं त्या दिशी लई रडला. जेवंना. मी म्हनलं, रडू नगंस, मला अशीच आवडती. आपन अशीच ठिवू. म्हनून ते पान फाडून ठिवलं मी." मग पुन्हा हाताकडे पाहून म्हणाली, "ही समद्यांची आई हाय, दादा. त्याची न्हाई."

शिष्य भराभर बोलू लागला. आकडीवर पान काढू, पीस काढू, झाकून जाईल. मोठ्या शहरात मशीनने पुसून मिळते. वृद्ध तोरण टाकून आत आला होता. त्याने पान पाहिले, हात पाहिला आणि विचारले, "पोरी, दुसऱ्या हातावर काढून दिऊ का?"

"एका हातावर त्याचं आन एका हातावर मास्तरांचं घिऊन कशी फिरू, बाबा?" ती म्हणाली.

वृद्धाने उद्घाटनासाठी घातलेला कोट काढला आणि तो स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसला. डाव्या हाताची बाही वर केली. "पान घे," तो शिष्याला म्हणाला. "माज्या हातावर उतरीव. हाय तसं."

खाली पाहुणे जमू लागले होते. शिष्याला काही उमगेना. म्हातारा रागावला आहे की काय? परक्याच्या पोराची आई याच्या हातावर कशाला? पण गुरूचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. त्याने नवा पातळ कागद घेतला आणि पेन टेकवले. काना आपसूक सरळ होऊ लागला. वृद्धाने त्याचे मनगट धरले. "ते वाकडं हाय. वाकडंच जाऊ दे." दुसऱ्यांदा शिरोरेघ जुळू लागली, तेव्हाही धरले. तेव्हा शिष्याने ते पान पहिल्यांदाच नीट पाहिले. मुलाने पेन्सिल सुरुवातीला जोरात दाबली होती आणि पुढे हात दमला होता. 'आ' एकदा थुंकीने पुसून पुन्हा काढला होता. शेवटी 'इ'ची शेपटी ओळीखाली बरीच लांब गेली होती, जणू थांबायचे कुठे ते त्याला ठाऊक नव्हते. मघाशी यातले त्याने काही पाहिले नव्हते. शब्द वाचून झाला होता, मग पाहायचे काय उरले?

काम संपल्यावर बाई जवळ आली. तिने वृद्धाच्या हातावर, अक्षराच्या कडेने बोट फिरवले. "हे त्याचं हाय," ती म्हणाली. क्षणभर तिने ते मनगट दोन्ही हातांनी धरले. मग हा कोणा परक्या म्हाताऱ्याचा हात आहे, हे तिच्या ध्यानात आले. तिने तो सोडला, आपल्या हातावर पदर ओढला आणि जिना उतरून गेली.

"बाबा, याचा तिला काय उपयोग?" शिष्याने विचारले.

"काय बी न्हाई," वृद्ध म्हणाला. "हे मी माज्यासाठी घेतलं. जत्रंत बाया यायच्या. म्हनायच्या, बाबा, किस्ना लिव्हा. मी लिवायचो कृष्णा. येस्वदा म्हनलं की यशोदा. शुद्ध. आता घरात, शेतात, भांडनात त्यो किस्नाच होता. कृष्णा कुनाला ठावा? पर बाया हातावर त्योच कुनी परका घिऊन गेल्या. त्येस्नी वाचता येत न्हवतं, म्हनून एक बी माघारी आली न्हाई. आन चाळीस वर्सं मला वाटलं, माजी चूकच झाली न्हाई. तेच तुला शिकवलं, वर शाबासकी दिली. आज वाचता येनारी बाई आली, बाळा. एवढंच झालं."

खाली कोणी तरी फीत कापायला कात्री मागत होते. शिष्य उठला नाही.

स्टुडिओ चालला, चांगला चालला. दर बाजारच्या दिवशी ती बाई मात्र जिना चढून येई. वृद्ध तिला पाहताच बाही वर करी. ती त्या अक्षरावर बोट ठेवून थोडा वेळ बसे आणि उठून जाई. दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत. तेवढा वेळ शिष्य खिडकीशी जाऊन उभा राही. दीड वर्ष झाले तरी त्याला त्याची सवय झाली नाही.

मग वृद्ध गेला. दोनच दिवसांच्या आजारात गेला. पुढच्या बाजारी बाई आली आणि तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"बाबा न्हाईत?"

"शुक्रवारी गेले, ताई."

ती नेहमीच्या जागी बसली. मग तिने विचारले, "हातासकट?"

शिष्याने स्वतःची बाही वर केली. "ताई, पान द्या. माझ्या हातावर काढतो. मला आता येतं तसं."

तिने मान हलवली. "नगं, दादा. दोनदा पोचवलं त्याला. तिसऱ्यांदा न्हाई जमायचं." आणि ती गेली. त्यानंतर ती कधी आली नाही.

त्या दिवशी शिष्याने दुसरे काम घेतले नाही. आपण काय पुसून टाकले होते, ते त्याला त्या दिवशी पुरते कळले, आणि कळून करण्यासारखे काही उरले नव्हते.

कोणाची चूक सुधारायला निघण्याआधी, त्या चुकीवाचून त्याच्याजवळ दुसरे काही शिल्लक आहे का, एवढे आपण विचारून घ्यावे. शिष्याने विचारले नव्हते.