सटवाजीने साहेबांना शुद्ध केलं

ही गोष्ट सांगायची नाही, असं आईने बजावलं आहे, कारण त्यातले साहेब अजून नोकरीत आहेत. म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

तर, एका गावात सटवाजी नावाचा एक भोळा माणूस होता. त्याची लहानगी ठकू ओढ्याचं पाणी पिऊन सारखी आजारी पडायची. त्याचा जीव तिळतिळ तुटायचा. नर्सबाई म्हणाल्या, पाणी उकळून पाज. सटवाजीने उकळलं आणि वाफाळती वाटी तशीच ठकूच्या तोंडाशी नेली. बायकोने, गजराने, ती हिसकावली. गार झाल्याशिवाय काही द्यायचं नाही, म्हणाली.

बरं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. सटवाजीने चहा पार गार करून दिला.

"दाजी, साय धरली की. चहा गाळायचा आन् लगेच द्यायचा."

बरं.

रात्री त्याने आमटी फडक्यातून गाळली. पाणी मेहुण्याला वाढलं, डाळ कोंबड्यांना टाकली. गजरा कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, फडक्यात राहतं तेच खरं. ते ठेवायचं."

सकाळी सटवाजीने ओढ्याचं पाणी गाळलं. फडक्यातला गाळ जपून ठेवला, पाणी ओतून दिलं. ठकू तहानेने रडायला लागली.

शेवटी नर्सबाईंनी पाण्यात टाकायच्या औषधाची बाटली दिली आणि सोपं करून सांगितलं, "बाहेरून घरात येईल त्यात दोन थेंब टाक. झाकून ठेव. अर्धा तास हात लावू नकोस. किडे मरतात. मगच पोरीजवळ ने."

हे मात्र सटवाजीला पटलं.

त्याच दिवशी गावाला 'शुद्ध पाण्याचं गाव' असा फलक लावायला साहेब आले, मागोमाग सरपंच, ग्रामसेवक आणि फोटोवाला. साहेबांच्या हातात स्वतःची पाण्याची बाटली. फोटोसाठी गरिबाचं मूल हवं होतं, म्हणून ते सटवाजीच्या घरात शिरले, सतरंजीवर बसले आणि ठकूला घ्यायला हात पुढे केले.

साहेब बाहेरून आलेले. सटवाजीने त्यांच्या टकलावर दोन थेंब टाकले, कोंबड्यांचं मोठं डालगं त्यांच्यावर पालथं घातलं आणि वर बसला.

साहेबांची बाटली बाहेरच लवंडली. थोड्या वेळाने ते आतून पाणी मागू लागले. गजरा तांब्या घेऊन आली, तर सरपंच तिच्या कानाशी म्हणाले, "आपलं नको देऊ. साहेबांना बाधेल."

सटवाजीने डालग्यावर थोपटलं.

"दम धरा साहेब, किडे मरतायत. सरपंच, तुम्ही पण बाहेरूनच आलात. साहेब निघाले की आत बसा. मग ग्रामसेवक, मग फोटोवाला, मग..."

आले गं आई, ओढ्यावर जायला हंडा घेऊनच येते.